क्वचित वापरातला संडास कसा सांभाळायचा: पाणी वाळू द्यायचं नाही, साचूही द्यायचं नाही

दोन संडास असलेल्या बऱ्याच घरांत रोजचा एकच असतो. दुसरा पाहुण्यांचा, किंवा पोरं शिकायला-नोकरीला बाहेर गेली त्यांच्या खोलीतला, किंवा आजी-आजोबांचे गुडघे दुखायला लागल्यावर जिने चढणं बंद झालं म्हणून ओस पडलेला वरच्या मजल्यावरचा. कोकणात तर अख्खं घरच मे महिन्यात आणि गणपतीत उघडतं, बाकी वर्षभर कुलूप. अशा संडासाबद्दल घरोघरी एकच समज असतो की वापरच नाही तर घाण कुठली, आणि घाण नाही तर साफ कशाला करायचा. मग पाहुणे येतात, दार उघडल्या उघडल्या वास, भांड्यात तपकिरी गोल डाग, जाळीतून झुरळ बाहेर, फ्लश दाबला तर टाकी भरतच राहते, आणि आलेल्या माणसाला आपण काय सांगणार.

ह्या सगळ्याचं मूळ पाण्यात आहे. रोजच्या संडासात दिवसातून दहा वेळा पाणी फिरतं म्हणून तिथे काही कळत नाही, बंद संडासात मात्र जिथे पाणी असायला पाहिजे तिथलं वाळून जातं आणि जिथे राहू नये तिथे ते आठवडेच्या आठवडे साचून राहतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं काम सोपं आहे, महागडं काही लागत नाही, फक्त नेमानं करावं लागतं.

आधी ट्रॅप समजून घ्या

कमोडच्या किंवा देशी भांड्याच्या खाली पाइपला एक वळण दिलेलं असतं, त्या वळणात कायम थोडं पाणी उभं राहतं. ते पाणी म्हणजे दार आहे. पलीकडे ड्रेनेजची लाइन किंवा सेप्टिक टँक, अलीकडे तुमचं घर, आणि मध्ये साधारण 50 मिलिमीटर म्हणजे दोन इंच पाणी. ह्यालाच प्लंबर वॉटर सील म्हणतात. ते पाणी वाळलं की ड्रेनेजमधला गॅस सरळ घरात येतो. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि त्याच वाटेनं गटारातली मोठी तपकिरी झुरळंही वर येतात.

आता लोक काय करतात, वास आला की कमोडमध्ये दोन बादल्या पाणी ओततात आणि तरी वास जात नाही म्हणून वैतागतात. कारण संडासात ट्रॅप एकच नसतो. फरशीवरच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, बेसिन असेल तर त्याच्या खाली बॉटल ट्रॅप असतो, आणि सगळ्यात आधी वाळतो तो नहाणी ट्रॅप, कारण बऱ्याच ठिकाणी तो उथळ असतो. माझं स्पष्ट मत आहे की बंद संडासाच्या वासाच्या दहापैकी आठ तक्रारी त्या जाळीखालीच मिटतात, भांड्याकडे बघायचीही गरज पडत नाही.

पाणी किती दिवसात वाळेल ते हवेवर आहे. नागपूर, अकोला, जळगावकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात उथळ जाळीतलं पाणी दोन-तीन आठवड्यांत जाऊ शकतं, कोकणात जुलैमध्ये तेच महिनाभर सहज टिकतं. एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू ठेवला तर अजून लवकर जातं. गावाकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर तिथे आणखी लक्ष द्या, त्या भांड्याला उतार जास्त असतो आणि सील मुद्दाम फक्त 20 मिलिमीटरचं ठेवलेलं असतं म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. पाणी वाचतं ही चांगलीच गोष्ट, पण बंद राहिला की तो लवकर कोरडा पडतो.

नवीन बिल्डिंगमध्ये जाळी उचलली की आत एक प्लास्टिकचा किंवा स्टीलचा कप उलटा बसवलेला दिसतो. तो कप पाण्यात बुडालेला असतो म्हणून वास अडतो. साफसफाईवाले केस अडकले म्हणून तो कप काढतात आणि परत बसवत नाहीत, पाणी भराभर जातं म्हणून सगळे खुश, आणि मग वास कुठून येतो ते कुणालाच कळत नाही. आज जाऊन जाळी उचलून बघा, कप आहे का आणि तो नीट बसलाय का.

आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं

वार ठरवा. महाराष्ट्रात बऱ्याच नगरपालिका-ग्रामपंचायती डासांसाठी आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्याच दिवशी हे काम जोडून टाकलं की लक्षात राहतं.

दार आणि खिडकी उघडा, दोन मिनिटं हवा खेळू द्या. मग कमोडचं झाकण बंद करून एकदा पूर्ण फ्लश करा, छोटं बटण दाबू नका, मोठंच दाबा म्हणजे टाकीतलं जुनं पाणी पूर्ण निघून नवीन भरेल. आत्ताच्या ड्युअल फ्लशमध्ये मोठ्या बटणाला साधारण 6 लिटर जातं, जुन्या टाक्यांना 10 लिटर, तर आठवड्याला एवढं पाणी खर्च करायला हरकत नाही. पाणीटंचाई असेल तर कपडे धुतल्याचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत ठेवा आणि ते भांड्यात ओता, टाकीला मात्र चांगलंच पाणी द्या कारण साबणाचा थर आतल्या वॉशरवर बसतो.

मग एक तांब्याभर पाणी नहाणीच्या जाळीत हळू ओता, बेसिनचा नळ अर्धा मिनिट सोडा, जेट स्प्रे बादलीत धरून थोडा वेळ चालवा. वॉशिंग मशिनचा आउटलेट तिथे काढून ठेवलेला असेल आणि मशीन तिथे नसेल तर त्यातही पाणी ओता. ह्याचा विसर सगळ्यांनाच पडतो.

भांड्याला आतून ब्रश फिरवा. केमिकल दर आठवड्याला लागत नाही, नुसता ब्रश आणि पाणी पुरतं, कारण आपल्याला फक्त पाण्याच्या रेषेवर बसणारा चिकट थर निघायला हवाय. तो कोवळा असताना निघाला तर निघाला, दोन महिने राहिला की दगड होतो. शेवटी फरशी ओढून कोरडी करा आणि दार किंचित उघडं ठेवा. पूर्ण बंद केलं तर पावसाळ्यात दाराच्या आतल्या बाजूला बुरशी धरते, प्लायचं दार असेल तर खालून फुगतं. कमोडचं झाकण मात्र बंदच ठेवा, पाणी कमी उडतं आणि पाली-झुरळं पडत नाहीत.

डाग, आणि त्यावर काय ओतायचं नाही

बंद संडासातला गोल डाग हा बहुतेक वेळा मैल्याचा नसतो. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, पांढरट-पिवळा खरखरीत थर म्हणजे कॅल्शियमचा क्षार. लालसर तपकिरी असेल तर पाण्यात लोह आहे किंवा टाकीतला एखादा स्क्रू गंजतोय. गुलाबी बुळबुळीत थर असेल तर तो जिवाणूंचा असतो, तो नुसत्या घासण्यानंही जातो पण परत परत येतो.

क्षारासाठी मला लिंबूसत्त्वच आवडतं, किराणा दुकानात मिळतं, स्वस्त आहे, घरात वास राहत नाही. पद्धत अशी. ब्रशनं किंवा मग्यानं जोर देऊन भांड्यातलं पाणी पुढे ढकला म्हणजे पातळी खाली जाऊन डाग उघडा पडतो. अर्धा लिटर गरम पाण्यात, उकळतं नको कारण उकळत्या पाण्यानं सिरॅमिकला चीर जाऊ शकते, तीन-चार मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा आणि डागावर सगळीकडून ओता. पाण्याच्या रेषेच्या वर डाग असेल तर टिश्यू पेपर त्या पाण्यात भिजवून डागावर चिकटवून ठेवा, नाहीतर पाणी खाली ओघळून जातं आणि डागाला काही लागतच नाही. रात्रभर राहू द्या, सकाळी टिश्यू काढून कचऱ्यात टाका, घासा, फ्लश करा. जुना थर असेल तर दोन-तीन रात्री लागतील. घाई करून स्क्रू-ड्रायव्हरनं किंवा तारेच्या घासणीनं खरवडू नका, वरची चकाकी एकदा गेली की तिथे डाग दुप्पट वेगानं धरतो आणि मग भांडं बदलण्याशिवाय इलाज नाही.

हार्पिकसारखे टॉयलेट क्लीनर चालतात, त्यात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं आणि क्षारावर ते लवकर काम करतं. पण बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा. आता दोन महिने येणार नाही तर ओतूनच जाऊ, असं करू नका, ऍसिडच्या वाफेनं बंद खोलीत नळाचं क्रोम, स्क्रू, बिजागऱ्या सगळं खराब होतं. आणि हे तर कळकळीनं सांगतो, ऍसिडवाला क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन गॅस निघतो, आणि बंद पडलेल्या छोट्या खोलीत माणूस वाकून घासत असताना तो थेट छातीत जातो. गावाकडे ब्लीचिंग पावडरचा डबा आणि ऍसिडची बाटली संडासाच्या एकाच कोनाड्यात शेजारी ठेवलेली असते, कामाला येणाऱ्या मावशींनाही हे समजावून सांगा आणि दोन्ही वेगळ्या ठिकाणी ठेवा.

डांबर गोळ्यांबद्दल पण बोलायला हवं. जाळीवर चार गोळ्या टाकल्या की काम झालं असं मानतात. गोळीनं गॅस येणं थांबत नाही, फक्त दुसरा वास वर चढतो, आणि त्या वाफा लहान मुलांना चांगल्या नाहीत. ट्रॅपमध्ये पाणी असेल तर गोळी लागतच नाही.

टाकी, कॉक, वॉशर

फ्लश टाकीत रबराचा वॉशर असतो, त्याच्यावर क्षार बसला की तो नीट टेकत नाही आणि पाणी बारीक बारीक भांड्यात झिरपत राहतं. वापरातल्या संडासात हा आवाज कुणाच्या तरी कानावर पडतो, बंद संडासात रात्रंदिवस गळती चालू राहते आणि गच्चीवरची टाकी का रिकामी होते ते कुणाला समजत नाही. तपासायचं असेल तर टाकीचं झाकण उघडून त्यात कपड्याला घालायच्या निळीचे काही थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर वॉशर गळतोय. वॉशर स्वस्त असतो, हार्डवेअरच्या दुकानात जुना घेऊन जा आणि तसाच आणा, प्रत्येक कंपनीचा वेगळा येतो. टाकी भिंतीत असेल तर बटणाची प्लेट निघते आणि तिथूनच हात घालता येतो, पण पहिल्यांदा प्लंबरकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

टाकीत टाकायच्या निळ्या टॅब्लेट मिळतात, बंद संडासासाठी त्या नकोतच. त्यात ब्लीच असेल तर पाणी न फिरता आठवडेच्या आठवडे तेच तीव्र पाणी रबराला लागून राहतं आणि रबर कडक होऊन तडकतं.

अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून टाकीला पाणी देणारा छोटा कॉक, महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेला कॉक क्षारानं जाम होतो आणि नेमकी गळती झाली त्या दिवशी फिरत नाही. आधीच जाम असेल तर पक्कड लावून जोर करू नका, कॉक ज्यावर बसतो तो भिंतीतला पाइपचा तुकडा (निपल) तुटला तर सगळं घर पाण्यात जाईल, खालचा मेन कॉक बंद करूनच प्लंबरला हात लावू द्या.

आणि जेट स्प्रेचा अँगल कॉक. हा भाग सगळ्यात जास्त गांभीर्यानं घ्या. जेटची ती लवचिक नळी चोवीस तास प्रेशरखाली असते, बिल्डिंगला प्रेशर पंप असेल तर अजूनच जास्त, आणि ती फुटली तर बंद खोलीत कुणाला कळणार? पाणी बेडरूममध्ये येतं, मग खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून गळतं. वापर झाला की जेटचा कॉक बंद, हा नियम रोजच्या संडासालाही लावा, बंद संडासाला तर हवाच हवा. नळीवर गंजाचे ठिपके किंवा फुगवटा दिसला तर ती लगेच बदला.

डास

डेंग्यूचा एडीस डास गटारात नाही तर स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि बंद संडासाची फ्लश टाकी, झाकण नसलेलं भांडं, कोपऱ्यात भरून ठेवलेली बादली ही त्याची आवडीची जागा. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आठवड्याचा फ्लश म्हणूनच सांगितला, त्याला दहा दिवस मिळूच द्यायचे नाहीत.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ही अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी सोडून टाकी रिकामी केली आणि दोन महिन्यांनी परत भरली तर अंडी भिजतात आणि अळ्या निघतात. महिन्यातून एकदा टाकीचं झाकण काढून आतल्या भिंती जुन्या ब्रशनं घासा आणि मग फ्लश करा. झाकण परत घट्ट बसवा, त्याला चीर असेल तर बदला. बादली पालथी घालून ठेवा.

महिनाभर किंवा जास्त बाहेर जाताना

मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जाणारे पुण्यातले आई-वडील असोत किंवा गणपती आटोपून मुंबईला परतणारं कुटुंब, निघायच्या दिवशी गडबड असते, म्हणून हे आदल्या दिवशी करून टाका, आणि ह्यात क्रम महत्त्वाचा आहे.

1. भांडं, फरशी, जाळी नीट घासून घ्या, केमिकल लावलं असेल तर भरपूर पाण्यानं पूर्ण धुऊन टाका.
2. फ्लश टाकीचा अँगल कॉक बंद करून फ्लश करा, टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी स्पंजनं टिपून घ्या. जेट आणि बेसिनचे कॉक बंद करा, नंतर जेट दाबून नळीतलं प्रेशर सोडा.
3. आता बाहेरून बादलीनं भांड्यात पाणी ओता म्हणजे सील पूर्ण भरेल. नहाणीत आणि बेसिनमध्येही ओता.
4. नहाणीत पाण्यावर दोन-तीन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा, मेडिकलमध्ये मिळतं. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो आणि पाणी उडणं खूप कमी होतं, शिवाय डासाच्या अळीला त्यातून श्वास घेता येत नाही. हे सगळ्यात शेवटी, निघेपर्यंत त्यावर परत पाणी ओतायचं नाही. स्वयंपाकाचं तेल वापरू नका, ते खवट होतं आणि झुरळांना बोलावतं.
5. कमोडच्या तोंडावर स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लास्टिक फिल्म ताणून लावा, मग सीट आणि झाकण खाली करा. झाकणावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा की आत प्लास्टिक आहे.
6. घर पूर्ण बंद असेल तर घराचा मेन कॉकही बंद करा.

ह्यात चार-सहा आठवडे निर्धास्त जातात, जास्त असेल तर कुणीतरी महिन्यातून एकदा यायला हवं. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली असेल तर त्यांना सगळं तोंडी सांगू नका, बादली भरून दाराजवळ ठेवा आणि कागदावर लिहून द्या की कुठे किती तांबे ओतायचे. त्या आपल्यावर उपकार करतायत, त्यांना शोधाशोध करायला लागू नये.

परत आल्यावर

आल्या आल्या वापरायला जाऊ नका. खिडकी उघडा, सीट वर करून आत नीट बघा, कोकणात भांड्यात बेडूक सापडणं नवीन नाही आणि कोपऱ्यात, बादलीमागे विंचूही असू शकतो, म्हणून हात घालायच्या आधी टॉर्च मारा. प्लास्टिक काढा. अँगल कॉक हळूहळू उघडा, एकदम उघडला तर हवेचा आणि पाण्याचा धक्का नळीला बसतो. मग दोन-तीन वेळा फ्लश करून वॉशर नीट टेकतोय का बघा, बंद काळात रबर सुकलेलं असू शकतं.

पाइपमध्ये आणि गिझरमध्ये साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. आजार विरळा आहे, पण वयस्कर माणसांना आणि छातीचा त्रास असलेल्यांना धोका जास्त म्हणून काळजी घ्यावी. नळ चार-पाच मिनिटं वाहू द्या, जेट आणि शॉवर बादलीत पाण्याखाली धरून चालवा म्हणजे तुषार उडणार नाहीत, त्या वेळी आजी-आजोबांना बाहेर बसवा. गिझर 60 अंशांवर तापवून मग ते पाणी सोडा, भाजणार नाही ह्याची खबरदारी घेऊन.

गावच्या घराचा सेप्टिक टँक

वर्षभर कुणी नाही आणि गणपतीत एकदम पंधरा-वीस माणसं, असा वापर टँकला सगळ्यात अवघड जातो. पावसात शोषखड्ड्याभोवतीची जमीन आधीच भिजून भरलेली असते, बाहेर पाणी जिरत नाही, आणि मग संडास भरून वर येतो तो नेमका आरतीच्या दिवशी. त्यामुळे टँकची तपासणी मे महिन्यातच करा. साधारण तीन वर्षांनी उपसा करून घ्यावा. भर पावसात उपसा टाळा, खासकरून प्लास्टिकचा टँक असेल तर, कारण रिकामा टँक जमिनीतल्या पाण्यानं वर उचलला जाऊ शकतो. उपसल्यावर लगेच पाण्यानं भरून घ्या.

उपशाचं काम गाडीनं, पाइप टाकूनच व्हायला पाहिजे. सफाईसाठी टँकमध्ये माणूस सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आतला हायड्रोजन सल्फाइड क्षणात माणूस बेशुद्ध करतो, वाचवायला उतरलेलाही आतच राहतो. कुणी स्वस्तात उतरून करतो म्हणाला तरी ठाम नाही म्हणा. झाकण उघडून डोकावणं, काडी पेटवून बघणं हेही नको, आत मिथेन असतो.

टँकमध्ये जिवाणूंची पावडर, यीस्ट, गूळ असलं काही टाकायची गरज नसते, मैल्याबरोबर जिवाणू आपोआप येतात. उलट येण्याआधी आणि जाताना बाटल्याच्या बाटल्या फिनाईल ओतलं तर तेच मरतात. गॅस वर हवेत सोडणाऱ्या उभ्या पाइपच्या, म्हणजे व्हेंट पाइपच्या, वरच्या तोंडाला मात्र मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा घट्ट बांधा, क्युलेक्स डास टँकमध्येच वाढतात आणि त्याच पाइपातून बाहेर पडतात. कापड दरवर्षी बदला, उन्हानं फाटतं.

सगळं करूनही वास येतोय

सगळे ट्रॅप भरा, दार लावून रात्रभर सोडा आणि सकाळी पाण्याची पातळी बघा. दोन-तीन दिवसांतच पातळी खाली जात असेल तर ते वाळणं नव्हे. ट्रॅपच्या वळणावर केस किंवा पोछ्याचा दोरा अडकला असेल तर वातीतून तेल चढावं तसं पाणी त्या दोऱ्यातून पलीकडे उतरत राहतं. आकड्याच्या तारेनं तो काढा. दोरा नसेल तर वरच्या मजल्यावरच्यांनी फ्लश केल्यावर आपल्या भांड्यातलं पाणी हलतं किंवा गुडगुडतं का ते बघा, तसं असेल तर व्हेंट पाइप तुंबलाय आणि खाली जाणारं पाणी आपलं सील ओढून नेतंय. ते काम सोसायटीचं आहे, लेखी तक्रार द्या. ह्यातलं काहीच नसेल तर ट्रॅपलाच चीर असू शकते.

पातळी जागेवर आहे आणि तरी वास येतो, तर सांध्याकडे बघा. फरशीवरच्या कमोडचं व्हाइट सिमेंट सुटतं, भिंतीत जाणाऱ्या कमोडचा रबरी कनेक्टर सैल होतो. टिश्यू पेपरची पातळ पट्टी सांध्याजवळ धरा, हलली तर तिथून हवा येतेय. उदबत्ती लावून बघू नका, वर सांगितलेला मिथेन इथूनही येऊ शकतो. कमोड हातानं किंचित डुगडुगत असेल तर उत्तर मिळालंच, तो परत बसवून घ्या.

कायमचाच नको असेल तर

बऱ्याच फ्लॅटमध्ये दुसऱ्या संडासाची अडगळीची खोली होते, कमोडवर सुटकेसी, जाळीवर कार्डबोर्डचे खोके. खोक्यांखालचा ट्रॅपही वाळतोच, आणि तिथे वास आणि झुरळं दोन्ही लपून वाढतात. परत लागणार नाही ह्याची खात्री असेल तर प्लंबरकडून कमोड काढून पाइपला बूच बसवून घ्या, नहाणीलाही, आणि पाण्याच्या लाइनला टोपण. चिंध्या कोंबून वर सिमेंट फासणं म्हणजे बूच नाही, पाइपच्या मापाचं रबरी रिंगवालं टोपण मिळतं तेच लावायला सांगा. खोलीत पाणी सांडायची शक्यता असेल, वॉशिंग मशीन असेल, तर नहाणी चालूच ठेवा आणि आठवड्याला तांब्याभर पाणी सुरू ठेवा. फरशी टाकून झाकायच्या आधी टोपणं कुठे आहेत त्यांचे भिंतीपासून माप घेऊन फोटो काढा, पुढे घरात कुणाला चालता येईनासं झालं तर हाच खोलीजवळचा संडास परत लागू शकतो आणि तेव्हा प्लंबरला फरशी शोधत फोडायला लागणार नाही.